स्वयंभरण रायफल आणि तिचे काडतूस

रायफल कोणती उत्तम, याची चर्चा निघाली म्हणजे तिची नळी, तिचा पल्ला, तिचे वजन आणि तिची अचूकता यांचा विचार सर्वप्रथम होतो. तिच्या पोटात जाणाऱ्या काडतुसाचा विचार बहुधा शेवटी होतो. आणि त्या काडतुसातील दारू कोणत्या जातीची, हा प्रश्न तर कारखान्यातील रसायनज्ञाचा म्हणून सोडूनच दिला जातो. साध्या रायफलीच्या बाबतीत ही उपेक्षा खपून जाते. परंतु जी रायफल आपली आपणच पुन्हा भरून घेते, तिच्या बाबतीत ती खपत नाही. व्हिएतनामच्या युद्धात १९६६ आणि १९६७ या दोन वर्षांत अमेरिकन सैनिकांपैकी काहींना या उपेक्षेची किंमत प्राणांनी मोजावी लागली. तो प्रकार कसा घडला, हे कळावयाचे तर अशी रायफल चालते कशी, हे आधी समजून घेतले पाहिजे.

भारतीय पायदळाच्या खांद्यावर दोन महायुद्धांत असलेली .३०३ ली-एन्फील्ड रायफल ही हाताने चालवावयाची रायफल होती. गोळी सुटली की जवानाने बोल्टची मूठ वर उचलावयाची आणि मागे ओढावयाची. रिकामी पुंगळी बाहेर पडावयाची. मूठ पुढे लोटली की मॅगझीनमधील नवे काडतूस नळीच्या मागील कोठडीत, म्हणजे चेंबरमध्ये, शिरावयाचे. यात काडतूस जोरकस आहे की बेताचे, ताजे आहे की दहा वर्षे पेटीत पडलेले, याने फारसे बिघडत नसे. पुंगळी जरा घट्ट बसली तर हात जरा अधिक जोर लावी. माणसाचा हात हे फार समजूतदार यंत्र आहे. १९६२ साली चीनच्या सीमेवर भारतीय जवान याच रायफली घेऊन लढले.

स्वयंभरण रायफलीत हे हाताचे काम वायूकडे सोपविलेले असते. चाप ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढील गोळीची तयारी रायफल स्वतःच करून ठेवते. म्हणून तिला अर्धस्वयंचलित असेही म्हणतात. दारू पेटताच तिचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे रेटतो. या नळीला पुढच्या बाजूस वरून एक बारीक छिद्र पाडलेले असते. गोळी त्या छिद्राच्या पुढे गेली की मागून येणाऱ्या वायूचा थोडा अंश छिद्रातून वर निसटतो आणि एका दट्ट्याला टोला देतो. दट्ट्या बोल्टच्या वाहकाला मागे ढकलतो, वाहक बोल्टचे कुलूप उघडतो, बोल्ट पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि मागची स्प्रिंग दाबीत जातो. दबलेली स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे लोटते व वाटेत मॅगझीनमधील वरचे काडतूस तो चेंबरमध्ये घेऊन जातो.

गोळीला नळीतून बाहेर पडण्यास एका सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून किंचित अधिक वेळ लागतो. छिद्र उघडे पडल्यापासून गोळी तोंडाबाहेर जाईपर्यंतचा अवधी तर त्याचाही एक लहानसा हिस्सा. गोळी बाहेर पडली की नळीतील दाब झपाट्याने ओसरतो. म्हणजे रायफलीला आपले सारे काम उरकण्यासाठी जी शक्ती हवी, ती तिला या निमिषार्धात चोरून घ्यावी लागते.

ती किती घ्यावी, हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. कमी घेतली तर बोल्ट पुरता मागे जात नाही. पुंगळी अर्धवट बाहेर येऊन पुढे येणाऱ्या बोल्टखाली चेंगरते, किंवा ती बाहेर पडली तरी बोल्ट नव्या काडतुसाच्या मागे पोहोचत नाही आणि चेंबर रिकामे ठेवूनच मिटतो. जवान चाप ओढतो आणि नुसता ‘खट्’ असा आवाज येतो. हा दोष समजण्यास सोपा. परंतु वायू जास्त घेतला तरीही रायफल अडते, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटते. गोळी सुटण्याच्या क्षणी पितळी पुंगळी दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटलेली असते. दाब उतरला की ती किंचित आकसते व सुटी होते. बोल्टला टोला फार जोराचा बसला तर तो वेळेआधीच उघडतो आणि भिंतीला धरून असलेल्या पुंगळीला ओढू पाहतो. मग तिची कड फाटते आणि पुंगळी आतच राहते. शिवाय बोल्ट इतक्या वेगाने मागे जाऊन परततो की मॅगझीनच्या स्प्रिंगला पुढचे काडतूस वर उचलण्यास अवसरच मिळत नाही; बोल्ट त्याच्या डोक्यावरून निघून जातो. भुकेने आणि अजीर्णाने, दोन्हींनी माणूस आडवा होतो, तसाच हा प्रकार.

आता काडतुसे निरनिराळी का वागतात? गोळीचे वजन आणि दारूचे प्रमाण ही कारणे कोणालाही सुचतील. त्याहून सूक्ष्म कारण दारूच्या जळण्याच्या रीतीत आहे. गुऱ्हाळावर चुलाणात पाचट टाकले तर भडका उडतो आणि क्षणात विझतो. बाभळीचे लाकूड टाकले तर आच हळूहळू चढते आणि पुष्कळ वेळ टिकते. रस दोहोंनीही उकळेल. बंदुकीच्या दारूचेही तसेच आहे. एक दारू आरंभी जोराने दाब निर्माण करते आणि गोळी छिद्रापाशी येईतो दाब बराच खाली उतरलेला असतो. दुसरी सावकाश जळते. तिचा सर्वोच्च दाब पहिलीइतकाच, गोळीचा वेगही तेवढाच, परंतु छिद्रापाशी तिचा दाब अधिक उरतो. हाताने चालविण्याच्या रायफलीला या दोन काडतुसांत काही भेद जाणवणार नाही. नेमबाजालाही जाणवणार नाही. स्वयंभरण रायफलीला मात्र तो पहिल्याच फैरीत जाणवतो, कारण तिचे पोट त्या छिद्रावर चालते. थंडीत दारू मंद जळते, उन्हात तापलेली दारू अधिक दाब देते, हा आणखी एक फेर.

या अडचणीवरील सर्वांत समंजस उपाय बेल्जियममधील हेर्स्तालच्या फाब्रिक नास्योनाल कारखान्यात द्यूदोने सैव्ह यांनी बनविलेल्या एफ.ए.एल. रायफलीत दिसतो. १९५४ मध्ये उत्तर अटलांटिक राष्ट्रांनी ७.६२ मिलिमीटरचे समान काडतूस मान्य केले. काडतूस एकच म्हणावयाचे, पण ते दहा देशांतील दहा कारखान्यांत तयार होणार, आणि रायफल नॉर्वेच्या बर्फापासून आफ्रिकेच्या वाळूपर्यंत जाणार. म्हणून या रायफलीत दट्ट्याच्या पुढील भागावर एक फिरते कडे बसविले आहे. त्यालाच गॅस रेग्युलेटर म्हणतात. या कड्याखाली बाहेर उघडणारी एक खिडकी असते. कडे फिरवून ती खिडकी पूर्ण उघडली तर छिद्रातून आलेला बराचसा वायू हवेत निघून जातो आणि दट्ट्याला थोडाच मिळतो. खिडकी मिटत नेली तर दट्ट्याचा वाटा वाढत जातो. नळीचे छिद्र तेच राहते. उतू जाणारे किती सांडू द्यावयाचे, एवढेच या कड्याने ठरते.

रायफल काडतुसाशी जुळवून घेण्याची तिची रीतही मोठी सुबोध आहे. मूळ बेल्जियन रायफलीत मॅगझीन रिकामे झाले की बोल्ट मागेच अडकून राहतो. चांदमारीच्या मैदानावर खिडकी पूर्ण उघडी ठेवून आरंभ करतात आणि मॅगझीनमध्ये एकच काडतूस घालून गोळी सोडतात. वायू अपुरा असल्यामुळे बोल्ट मागे अडकत नाही, पुढे येऊन मिटतो. मग कडे एक खटका फिरवावयाचे, पुन्हा एक काडतूस, पुन्हा गोळी. असे करता करता एका खटक्यावर बोल्ट मागे थांबतो. तेथे आणखी काही गोळ्या सोडून तो दर वेळी थांबतो याची खात्री करून घ्यावयाची आणि मग कडे आणखी दोन खटके पुढे नेऊन ठेवावयाचे. हे दोन खटके म्हणजे काजळी, धूळ आणि थंडी यांच्यासाठी राखून ठेवलेली शिल्लक. अधिक वायूकडून कमीकडे न येता कमीकडून अधिकाकडे जावयाचे, यात शहाणपण आहे. कारण अशा रीतीने रायफलीला गरजेपुरता आणि वर थोडासा, एवढाच वायू मिळतो. नाही तर चालते आहे ना, मग असू द्या पूर्ण मिटलेली खिडकी, असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. आणि ती चालेलही, पण प्रत्येक गोळीगणिक तिचे सांधे हादरत राहतील. काडतुसांची नवी पेटी दुसऱ्या कारखान्याची आली, की हीच परीक्षा पुन्हा घेता येते.

या रायफलीची भारतीय आवृत्ती बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार झाली. तिचे नाव १ ए १. परंतु सैन्यात तिला सर्वजण ‘एस.एल.आर.’ म्हणत, म्हणजे शब्दशः स्वयंभरण रायफल. तिच्या आराखड्याचे काम पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत झाले. १९७१ च्या युद्धात भारतीय पायदळाचे हेच मुख्य शस्त्र होते. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रात किंवा इंदूरजवळ महू येथील इन्फन्ट्री स्कूलमध्ये त्या दशकांत शिकलेल्या निवृत्त सैनिकांना ते फिरते कडे आजही आठवत असेल. रायफल धुळीने किंवा काजळीने मंदावली की कडे फिरवून तिला थोडा जास्त वायू द्यावयाचा आणि सवड मिळताच ती साफ करून कडे मूळ जागी आणावयाचे. पुढे आलेल्या ५.५६ मिलिमीटरच्या इन्सास रायफलीतही असा रेग्युलेटर ठेवण्यात आला.

एस.एल.आर.वर दोन विशेष काडतुसांचाही प्रश्न येई. रायफलीच्या तोंडावर ग्रेनेड बसवून तो गोळीविना काडतुसाच्या जोरावर फेकावयाचा असल्यास वायूचा एक कणही वाया जाता कामा नये. त्यासाठी पुढील बूच अर्धा फेरा फिरवून दट्ट्याची वाट पूर्ण बंद करीत. ग्रेनेड सुटे, बोल्ट जागचा हलत नसे, आणि पुढील काडतूस हातानेच भरावे लागे. याच्या उलट सरावाच्या पोकळ काडतुसात गोळीच नसल्याने नळीत दाब साठत नाही. म्हणून तोंडावर एक अडसर बसवून वायूला कोंडावे लागते, तेव्हा कोठे बोल्ट मागे जातो. एकाच रायफलीला तीन काडतुसे, आणि तिघांसाठी तीन मांडण्या.

हा प्रश्न इतरांनी वेगवेगळ्या रीतींनी सोडविला. रशियाच्या तोकारेव्ह यांच्या १९४० च्या रायफलीत पाच मापांची छिद्रे असलेला रेग्युलेटर होता. सर्वांत लहान १.१ मिलिमीटरचे, सर्वांत मोठे १.७ मिलिमीटरचे. रचना सूक्ष्म होती, परंतु ती सांभाळण्यास शिकलेला सैनिक हवा. कलाश्निकोव्ह यांनी पुढे नेमकी उलट वाट धरली. त्यांच्या रायफलीला रेग्युलेटर नाहीच. वाहक जड, अंतरे सैल, आणि वायू गरजेपेक्षा सरसहा जास्त. काडतूस थोडे कमकुवत असले तरी तेवढ्या सढळ हाताने दिलेल्या वायूत काम भागते. धक्का अधिक बसतो, अचूकता थोडी जाते, आणि तो तोटा त्यांनी जाणूनबुजून पत्करला.

अमेरिकेची एम-१ गॅरँड रायफल १९३६ मध्ये स्वीकारली गेली. तिलाही रेग्युलेटर नव्हता. पण तिने निराळाच करार केला होता. तिचे छिद्र आणि सैन्याचे ठरीव काडतूस एकमेकांना बेतून केलेले होते, आणि युद्धकाळात सैनिकाच्या हाती दुसरे काडतूस सहसा पडत नसे. अडचण नंतर आली. या रायफली नागरिकांच्या हाती गेल्यावर काहींनी त्यांत शिकारीची जड गोळीची, सावकाश जळणाऱ्या दारूची काडतुसे घातली. काडतूस आकाराने तेच, चेंबरमध्ये बिनतक्रार बसणारे, सर्वोच्च दाबही मर्यादेत. पण गॅरँडचे छिद्र नळीच्या अगदी तोंडाजवळ आहे आणि वायूचा टोला मागे पोहोचविणारा दांडा लांबलचक. छिद्रापाशी दाब वाढला की तो दांडा वाकतो. म्हणून अशा काडतुसांचा वापर करणारे जाणकार नेमबाज मूळ बूच काढून जादा वायू बाहेर सोडणारे बूच बसवितात.

व्हिएतनामची कथा या गॅरँडच्या कराराचीच आहे. फरक एवढाच की येथे करार मोडला तो खुद्द सैन्याने. यूजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आखलेली ए.आर.-१५ रायफल, जी पुढे एम-१६ म्हणून प्रसिद्ध झाली, वजनाने हलकी आणि रचनेने चतुर होती. तिच्यात नेहमीचा दट्ट्या व दांडा नाही. नळीच्या छिद्रातून एक बारीक पोलादी नलिका मागे जाते आणि वायू थेट बोल्टच्या वाहकात सोडते. रेग्युलेटर नाही, छिद्राचे माप कायमचे ठरलेले. ते माप ठरले तेव्हा काडतुसात द्यूपाँ कंपनीची बारीक नळकांड्यांसारख्या कणांची दारू होती. त्या दारूवर रायफल उत्तम चाले.

सैन्याने काडतुसासाठी गोळीचा वेग सेकंदाला ३,२५० फूट आणि दाबाची कमाल मर्यादा, अशी दोन्ही बंधने घातली. द्यूपाँची दारू मोठ्या प्रमाणावर बनविताना दोन्ही एकदम पाळणे अवघड जाऊ लागले. १९६४ मध्ये ऑलिन कंपनीची गोल कणांची दारू मान्य झाली. सैन्याला ती नवखी नव्हती. इतर काडतुसांत ती वापरात होती. वेग मिळत होता, सर्वोच्च दाब मर्यादेत राहत होता. कागदावर दोन्ही काडतुसे एकच. परंतु नवी दारू सावकाश जळणारी होती आणि छिद्रापाशी तिचा दाब अधिक होता. या रायफलीत सलग फैर झाडण्याचीही सोय असल्याने परिणाम मोजता आला: मिनिटाला साडेसातशे-आठशे गोळ्यांचा वेग हजाराच्या घरात जाऊ लागला. बोल्ट लवकर उघडू लागला, पुंगळ्या चेंबरमध्ये अडकू लागल्या, भाग तुटू लागले. शिवाय आम्ल मारण्यासाठी या दारूत घातलेल्या कॅल्शियम कार्बोनेटची राख वायूच्या बारीक नलिकेत साचू लागली.

येथपर्यंतची गोष्ट तांत्रिक चूक म्हणून सोडून देता आली असती. पुढचा भाग तसा नाही. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या रायफलींची चाचणी नव्या दारूवर घेतली तर पुष्कळशा नापास होतील, हे कोल्ट कंपनीने सैन्याला कळविले. तेव्हा चाचणीसाठी जुन्या दारूची काडतुसे वापरण्याची मुभा देण्यात आली. म्हणजे रायफल पास होई ती एका दारूवर आणि युद्धभूमीवर सैनिकाच्या हाती येई ती दुसरीच. भरीस भर म्हणून ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही, असा समज पसरला होता. साफसफाईचे साहित्य अपुरे होते. आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नसल्याने व्हिएतनामच्या दमट हवेत ते गंजत असे. गंजलेल्या चेंबरला पुंगळी अधिकच घट्ट धरते.

१९६७ च्या एप्रिल-मे महिन्यांत खे सान्हजवळच्या टेकड्यांवर घनघोर लढाई झाली. तेथील मरीन सैनिकांना ही रायफल नुकतीच मिळाली होती. पुंगळी आत अडकली की नळीच्या तोंडातून साफसफाईचा गज घालून ती बाहेर ढकलावी लागे, आणि हे शत्रूच्या गोळीबाराखाली. उघडून ठेवलेल्या रायफलीशेजारी मृत सैनिक सापडल्याचे सैनिकांच्या पत्रांतून अमेरिकेत पोहोचले. त्याच मे महिन्यात मिसूरीचे प्रतिनिधी रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली प्रतिनिधिगृहाची उपसमिती चौकशीसाठी नेमली गेली. ऑक्टोबरमधील तिच्या अहवालाने पुरेशी परीक्षा न घेता दारू बदलल्याचा स्पष्ट ठपका ठेवला आणि दोष कळल्यावरही तो न सुधारणे हे गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या सीमेवर जाते, असा निर्वाळा दिला. सैनिकांनी रायफल साफ ठेवली नाही, हे सैन्याचे आवडते उत्तर. ते सर्वस्वी खोटे नव्हते. साफ ठेवलेल्या रायफली पुष्कळ ठिकाणी चांगल्या चालल्याही. परंतु जी रायफल दारू बदलण्यापूर्वी इतक्या हट्टाने सफाई मागत नव्हती, तिचा दोष सैनिकाच्या चिंधीवर ढकलणे न्यायाचे नव्हते.

दुरुस्ती झाली ती तिन्ही बाजूंनी. बोल्टच्या मागे अधिक जड धक्काशोषक बसवून त्याचा वेग आवरण्यात आला. चेंबरला आणि पुढे सबंध नळीला क्रोमचा मुलामा देण्यात आला. दारूतील कॅल्शियम कार्बोनेटचे प्रमाण घटवून १९७० च्या सुमारास तिची सुधारलेली आवृत्ती आली. साफसफाईचे साहित्य पोहोचले. इतकेच नव्हे, तर सैन्याने विल आइस्नर या नामांकित व्यंगचित्रकाराकडून चित्रमय पुस्तिका काढून घेऊन ती सैनिकांत वाटली. छिद्राचे माप मात्र रेग्युलेटरविना कायमच राहिले. या घराण्याच्या सैनिकी रायफलींना आजही बहुधा फिरते कडे नसते. त्याची भरपाई काडतुसाच्या बाजूने केली जाते. त्यांच्या लष्करी काडतुसाच्या विनिर्देशात आता गोळीचा वेग आणि चेंबरमधील सर्वोच्च दाब यांच्या जोडीला एक तिसरा आकडाही लिहिलेला असतो, आणि तो भरला नाही तर माल परत जातो: नळीच्या त्या बारीक छिद्रापाशी दाब किती असावा, याचा.